रिकामं भांडं परत देऊ नये

अमेरिकेतल्या विलो फोर्क या लहानशा गावात कुणी कुणाकडे आपलं भांडं परत मागत नाही. मागायची वेळच येत नाही म्हणा ना. कुणाकडे बाळ झालं, कुणाकडचं माणूस गेलं, कुणी नवं बिऱ्हाड मांडलं, की शेजारपाजारच्या बायका ओव्हनमधून काढलेलं गरम भांडं टॉवेलात गुंडाळून दारात उभ्या. भांड्याच्या बुडाशी कागदी चिकटपट्टी, पट्टीवर नाव. खाणाऱ्यानं खावं, भांडं घासावं आणि सवडीनं नेऊन द्यावं. मात्र रिकामं नाही. त्यात चार बिस्किटं घालावीत, परसातले टोमॅटो घालावेत, लोणच्याची बरणी ठेवावी. अगदीच हात आखडता असेल तर ऑगस्टमध्ये सगळ्यांच्याच वाफ्यात माजतात आणि कुणालाच नको असतात त्या काकडीसारख्या झुकिनी घालाव्यात. रिकामं भांडं परत करणारा एक माणूस गावात होऊन गेला. त्याला मरूनही आता जमाना झाला, पण अजून त्याचं नाव निघालं की आधी ते भांडं निघतं, आणि मग त्यानं बांधून दिलेली शाळा.

आणि दिलेलं भांडं तोंडानं परत मागणारी बाई तर गावात अजून जन्माला यायची होती.

डॉ. ब्राइस हॉलंडर कॉलेजचे अध्यक्ष होऊन आले, तेव्हा गावानं आपला धर्म पाळला. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ओट्यावर वीस-पंचवीस भांडी जमली. कीमा आणि मशरूमचं सूप घालून वर बटाट्याचे गोळे रचून भाजलेलं हॉटडिश, मार्लिसचा कीमा थापून भाजलेला मीटलोफ, कुणाचं चिकन आणि भात, कुणाची ट्यूना मासा घातलेली शेवयांची थापी. फिलिस तेवढी वापरून फेकायच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मॅकरोनी घेऊन गेली. ती पहिल्यापासून माणसांवर विश्वास ठेवणारी नव्हे.

शरद गेला, नाताळ गेला, भांडी काही परत आली नाहीत. नवीन आहेत, म्हणाल्या बायका. सामान लावतायत. मोठ्या माणसाला कामं असतात. मग वसंतात कॉलेजच्या नव्या दालनाचं उद्घाटन झालं आणि गाव बघायला गेलं. पूर्वी तिथं मुलांची खोली होती. शिकायला येणाऱ्या आया आपली पोरं तिथं ठेवून वर्गात बसायच्या. हॉलंडरसाहेबांनी हिशेब मांडून ती खोली बंद केली, भिंती पाडल्या आणि त्या जागेला समाजदालन असं नाव दिलं. दालनाच्या मधोमध एक काचेचं कपाट, कपाटात वरून मऊ उजेड, आणि त्या उजेडात ओळीनं मांडलेली गावातली सगळी भांडी. खाली पितळेच्या पाटीवर लिहिलं होतं: समाजाच्या प्रेमाची भेट.

फिलिसचा पत्र्याचा ट्रेसुद्धा होता. त्यालाही उजेड सोडला होता.

एवढा शिकलेला माणूस, नेतृत्व या विषयात डॉक्टर झालेला, आणि त्याला वाटलं की गावातल्या बायका आपली रोजच्या वापरातली, टवके गेलेली, बुडाला डाग पडलेली भांडी त्याला देवाला वाहावीत तशी वाहून गेल्या. त्या दिवशी सगळ्या त्या काचेपुढे उभ्या राहिल्या, छान आहे, उजेड छान पडलाय म्हणाल्या, आणि घरी गेल्या.

"माझं मीटलोफचं भांडं म्युझियममध्ये गेलं," मार्लिस गाडीत बसताना म्हणाली, "आणि मी अजून जिवंत आहे."

गाडीत तिच्या शेजारी आर्डिस बसली. आर्डिस नायक्विस्ट शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात कॉफीच्या पिंपावर राज्य करणारी बाई. कपाटातलं दुसऱ्या फळीवरचं पांढरं, निळ्या फुलांचं, एक कान उडालेलं भांडं तिच्या बहिणीचं, लवॉनचं होतं.

खरं तर दोघींचं. आईच्या मागे दोघींच्या वाटणीत सगळं बसलं, ते भांडं बसलं नाही. मग ते लवॉनकडे राहायचं आणि आर्डिस मागून न्यायची. बहिणी-बहिणींत मागितलेलं चालतं. न्यायची, आणि विसरायची. कानही आर्डिसच्याच हातून चर्चच्या पायऱ्यांवर उडाला, आणि त्यावरून दोघी एक पूर्ण हिवाळा फोनवर फक्त हवामान बोलत होत्या. त्यानंतर लवॉननं बुडाला नवी पट्टी लावली. सगळ्यांच्या पट्टीवर नाव असतं. लवॉनच्या पट्टीवर, तिच्या त्या उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, एवढंच होतं: परत कर, आर्डिस.

त्या भांड्यातून लवॉननं हॉलंडरसाहेबांना हॉटडिश नेऊन दिलं. ती कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसायची. गावातल्या निम्म्या पोरांचे अर्ज तिनं शाई पुसून नीट करून दिलेले. नवे साहेब आपले, तेव्हा चांगलं भांडं न्यायला हवं, असं तिचं म्हणणं. मग त्याच हिवाळ्यात ती गेली. आर्डिसच्या घरी सगळ्या गावची भांडी आली. आर्डिसनं सगळी घासली, प्रत्येकात आल्याची बिस्किटं घातली, आणि रडू यायच्या आत सगळी परत केली. शेवटी लवॉनचं स्वयंपाकघर आवरताना खालच्या कपाटात ती जागा रिकामी दिसली, आणि तेव्हा कुठं तिला आठवलं की ते कुठं आहे.

साहेब मातीला आले होते. गावातल्या प्रत्येक मातीला येतात ते. उशिरा येतात, तळघरात जेवणापर्यंत थांबतात, सगळ्यांचे हात दोन्ही हातांत घेतात. आर्डिसचे हात घेऊन, लवॉनचं नावही चुकवून म्हणाले, "ईव्हॉन आमच्या कुटुंबातली होती." आणि हॅमचं सँडविच घ्यायला वळले.

असा त्यांचा समाजसंपर्क. गाडीच्या डिकीत पिवळं हेल्मेट, रबरी बूट आणि गावच्या बास्केटबॉल संघाचं जाकीट कायमचं ठेवलेलं, केव्हा कशाची वेळ येईल सांगता येत नाही. ग्रंथालयात पोरांना गोष्ट वाचून दाखवायला यायचे. फोटो निघेपर्यंत ससा बिळातून बाहेर यायचा, पुढचं ग्रंथपालबाईंनी वाचायचं.

तर असा सगळा मामला चौथ्या वर्षाला लागला होता, आणि एप्रिलमध्ये एका सकाळी चर्चच्या तळघरात मार्लिस पावाचं पीठ मळता मळता म्हणाली, "जातोय."

"कोण?"

"हॉलंडर. ॲरिझोनाला. तिथलं कॉलेज आपल्या दहापट आहे म्हणे. त्यांचं काय व्हायचं ते होवो."

"बरं झालं."

"पुढचं ऐक. सत्कार आहे. नेतृत्व आणि समाजसंपर्क. काचेचं काहीतरी देणार आहेत, आणि जेवण आपण करायचं."

"आपण म्हणजे?"

"आपण म्हणजे समाज, अगं. दुसरं कोण असतं समाज?" मार्लिसनं पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. "आणि भांडी त्याच्याबरोबर जाणार. विश्वस्तांनी ठरवलंय. निरोपाची भेट."

कॉफीच्या पिंपात पाणी ओतणारा आर्डिसचा हात थांबला. "सगळी?"

"सगळी. फोममध्ये गुंडाळून. कपाटासकट."

मग मार्लिस तिच्याकडे न बघता म्हणाली, "सरळ मागून टाक."

"तू माग. तुझंही आहे की तिथं."

"माझं साधं आहे. एक गेलं, दुसरं घेतलं. तुझं तसं नाही." तिनं हात झटकले. "आणि मी मागितलं तर माझी आई थडग्यातून उठून येईल."

"माझी आधीच येऊन बसलीय," आर्डिस म्हणाली.

ते खरं होतं. लहानपणी आर्डिसनं शेजारच्या मुलीला बाहुली खेळायला दिली आणि संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन ती परत मागितली. आईनं तिला घरी आणून भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. दिलेलं मागणारी माणसं आपण नव्हे, म्हणाली. बाहुली कधी आली नाही. भिंतीवरच्या कागदाची नक्षी मात्र आर्डिसला अजून डोळे मिटून काढता येते.

मागायचं नाही. पण सुचवायला हरकत नसते. विलो फोर्कचं अर्धं जगणं सुचवण्यावर चालतं. शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या वाफ्यात येत असेल तर इथं माणूस कुत्र्याबद्दल बोलत नाही. 'यंदा गाजरं काही आली नाहीत' एवढं म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं बांधलेलं असतं. म्हणून आर्डिसनं रूबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्या केल्या आणि साहेबांच्या ऑफिसात गेली. वड्या कागदी बशीत नेल्या. माणूस शिकतो.

"तुमचं नाव सांगू नका, मला माहीत आहे," साहेब उठून म्हणाले आणि तिच्याकडे हसून बघत राहिले. दारातल्या सेक्रेटरीनं नाव सांगेपर्यंत बघत राहिले. "आर्डिस. अर्थात. बसा ना."

आर्डिस बसली. पर्स मांडीवर धरली. "ते कपाट छान आहे. उजेड छान पडतो."

"धन्यवाद. ती कल्पना माझीच."

"त्यात एक निळ्या फुलांचं आहे. एका बाजूचा कान उडालेलं."

"माझं सगळ्यात आवडतं."

"हो का. तसं भांडं हल्ली मिळत नाही."

"म्हणून तर जपलंय मी ते."

आर्डिसनं पर्सची कडी उघडली, मिटली. आता यापुढं जे होतं ते सुचवणं नव्हतं, जवळजवळ गचांडी धरणंच होतं. "माझ्या बहिणीचं आहे ते," ती म्हणाली.

साहेबांनी हात छातीशी नेला. "किती सुंदर. त्यांना कार्यक्रमाला आणायलाच हवं."

"ती वारली. तुम्ही आला होतात. दोन सँडविच घेतलीत."

"ईव्हॉन," साहेब हळू आवाजात म्हणाले. डोळ्यांत पाणी आणायची त्यांना सवय होती, ते त्यांनी आणलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "टेसा, जरा इकडे ये. आपल्याला समाजाचा आवाज सापडलाय."

टेसा कॉलेजच्या प्रसिद्धीचं बघायची. तिशीतली, चटपटीत, पायात नेहमी पळायचे बूट. तिनं दोन दिवसांत आर्डिसला भाषण लिहून पाठवलं. त्यात आर्डिस असं म्हणणार होती की डॉ. हॉलंडर यांच्या डोळ्यांत तिला विलो फोर्कचा उद्या दिसला. भाषण संपलं की एक भांडं हातात घेऊन आर्डिसनं ते साहेबांना अर्पण करायचं, सगळ्या गावाच्या वतीनं.

"पुन्हा?" मार्लिस म्हणाली. "एकदा दिलं तेवढं पुरलं नाही होय त्याला?"

"कुठलं भांडं ते मी निवडायचंय."

मार्लिसनं मान वर केली.

"मी ते उलटं करणार," आर्डिस म्हणाली, "आणि पट्टीवर काय लिहिलंय ते वाचणार. वाचणं म्हणजे मागणं नव्हे. वाचल्यावर ते भांडं कुणाचं हे सगळ्यांना कळेल. त्यालासुद्धा. मग त्याला ते नेता येणार नाही."

"त्याला लाज असेल तर."

"त्याला नसेल. पण सगळ्या गावादेखत तरी नेता येणार नाही."

मार्लिसनं विचार केला. "बसतंय नियमात," ती म्हणाली. "काठाकाठानं, पण बसतंय."

सत्कार मे महिन्यात, समाजदालनातच झाला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर हॅम, चीज घातलेले बटाटे, गाजराचा कीस घातलेली नारिंगी जेली, आणि मार्लिसचे बन. बायकांनी सकाळपासून राबून सगळं मांडलं आणि मग स्वतः भिंतीच्या कडेनं, काचेच्या कपाटाजवळ उभ्या राहिल्या. खुर्च्या देणगीदारांनाच पुरल्या नाहीत.

विश्वस्तांचे प्रमुख वेंडेल क्राउझे, ट्रॅक्टरचं दुकान असलेले, भाषणाला उभे राहिले. नदीला पूर आला तेव्हा डॉ. हॉलंडर यांनी स्वतः वाळूची पोती उचलली, हे त्यांनी सांगितलं. पोतं एक होतं. फोटो निघाल्यावर ते काढून पुन्हा नीट रचावं लागलं, कारण त्याच्या फटीतून पाणी येत होतं. वेंडेलनंच ते रचलं होतं, आणि आता वेंडेलच टाळ्या वाजवत होता. मग पडद्यावर फिल्म दाखवली. साहेब पोरांबरोबर भोपळे वाटताना, साहेब सोनेरी फावड्यानं माती उकरताना, साहेब वृद्धाश्रमात एका आजीचा हात धरून. ती आजी हात सोडवून घ्यायच्या प्रयत्नात होती, पण फिल्मला संगीत लावल्यामुळं ते हळवं वाटत होतं. मागून एक जाड आवाज सांगत होता की नेता देतो, आणि देतच राहतो.

"काय दिलं रे बाबा?" मार्लिस कपाटाजवळून पुटपुटली. "एकदा सर्दी दिली होती सगळ्या चर्चला."

मग ज्योतीच्या आकाराची काच साहेबांना दिली गेली. साहेब बोलले. आपण गावाला काही दिलं नाही, गावानंच आपल्याला दिलं, असं म्हणाले. चार वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच खरं वाक्य, आणि तेही त्यांनी नम्रपणा म्हणून वापरलं.

आर्डिसचं नाव पुकारलं गेलं. तिनं माळ्यावरून काढलेला निळा ड्रेस घातला होता. टेसानं कपाट उघडून निळ्या फुलांचं भांडं बाहेर काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. चार वर्षांनी ते तिच्या हातात आलं. ओळखीचं वजन. उडालेल्या कानाच्या जागी अंगठा आपोआप गेला.

"किती चकचकीत झालंय बघा," टेसा हसून कुजबुजली. "पॅकिंगच्या आधी सगळी घासून घेतली. खाली कसल्या जुन्या मळक्या पट्ट्या होत्या, त्या पण काढल्या."

आर्डिसनं भांडं उलटं केलं.

बुडाशी काही नव्हतं. पट्टीच्या आकाराचा एक पुसट पिवळा चौकोन होता, आणि बोट फिरवलं तर जेमतेम चिकट लागत होतं.

भाषणाचा कागद समोर होता. त्यातलं पहिलं वाक्य होतं, लहानपणी मी अशाच एका नेत्याचं स्वप्न पाहत असे. लोक वाट बघत होते. कुणीतरी खोकलं. टेसानं भुवया उंचावून कागदाकडे खूण केली. आर्डिसला तो कागद दिसत नव्हता. तिला वाटत होतं की ती पट्टी कुठेतरी कॉलेजच्या कचऱ्याच्या डब्यात, ओल्या टिश्यूला चिकटून पडलीय, आणि ती ज्यानं काढून टाकली त्यानं ती वाचलीसुद्धा नसेल. वाचली असती तरी काय कळलं असतं. बहिणीनं बहिणीला टोचून लिहिलेले तीन शब्द. जगात त्यांचा अर्थ एकाच माणसाला लागत होता, आणि ते माणूस इथं शिट्टीसारख्या आवाजाच्या माइकपुढं भांडं उलटं धरून उभं होतं.

वाचायला काही उरलं नव्हतं. नियमात बसणारी वाट बंद झाली होती.

"हे भांडं माझं आहे," आर्डिस म्हणाली. माइकमधून तो आवाज तिलाच परका वाटला. "माझं आणि माझ्या बहिणीचं. आम्ही ते तुम्हाला दिलं नव्हतं. त्यातलं जेवण दिलं होतं. मला ते परत हवंय."

दालनातले काटेचमचे थांबले. विलो फोर्कच्या इतिहासात हे वाक्य कुणी उभं राहून उच्चारलं नव्हतं, माइकवर तर नाहीच. वेंडेल क्राउझेनं बशीकडे बघत मान खाली घातली. कपाटाजवळच्या बायका एकमेकींकडे न बघता सरळ उभ्या राहिल्या, वादळाच्या आधी गाई उभ्या राहतात तशा.

आणि साहेब हसले. मनापासून, सगळे दात दाखवून. ते उठून पुढं आले, तिच्या हातातून भांडं घेतलं, लोकांकडे वळले. "मित्रहो, यालाच मी म्हणतो समाज," ते म्हणाले. "आपण घेतो, आणि परत देतो." फोटोवाला पुढं सरसावला. साहेबांनी भांडं दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

आर्डिसनं ते घेतलं नाही.

"रिकामं?" ती म्हणाली.

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. "म्हणजे?"

मग कपाटाकडून मार्लिसचा आवाज आला. "अहो, रिकामं भांडं परत देत नाहीत. चार वर्षांत एवढंही कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

नव्हतं सांगितलं. हे मात्र कबूल करायला हवं. सगळ्या गावानं त्यांना उजेडाबद्दल सांगितलं होतं.

साहेबांनी खिसे चाचपले. किल्ल्या होत्या, फोन होता, त्यातलं काही द्यावंसं वाटलं नसावं. मग त्यांची नजर मागच्या टेबलावर गेली. आपल्या बशीतला, कडेला लोणी लागलेला एक बन त्यांनी उचलला आणि भांड्यात ठेवला. तो मार्लिसनं त्याच दिवशी पहाटे भाजलेला बन होता. गावचंच पीठ, गावचेच हात, आणि त्यांनी तो असा ठेवला की जणू ॲरिझोनाहून मागवला होता.

आर्डिसनं भांडं घेतलं. "आभारी आहे," ती म्हणाली, कारण तसं म्हणायचं असतं, आणि खाली उतरली.

लोकांना वाटलं कार्यक्रमाचा भाग आहे. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या थांबायच्या आत मार्लिस ॲप्रनला हात पुसत पुढं आली. "माझं मीटलोफचं," ती म्हणाली. "वरच्या फळीवर, डावीकडे. लांबट." कपाट उघडंच होतं. टेसानं साहेबांकडे बघितलं, साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि मान डोलावली. मार्लिसलाही एक बन मिळाला.

"स्वतःचाच बन घरी नेतेय," ती परत येताना म्हणाली. "पण नियम म्हणजे नियम."

मग रांगच लागली. पट्ट्या नव्हत्या, पण कुणाचं अडलं नाही. आपल्या घरचा टवका कुठला आणि दुसरीचा कुठला हे काय लिहून ठेवावं लागतं? साहेबांच्या टेबलावरचे बन संपले. मग लोण्याच्या पुड्या, साखरेच्या पुड्या, जेवणानंतरच्या पुदिन्याच्या गोळ्या. वेंडेल क्राउझेनं आपल्या केकचा अर्धा तुकडा पुढं केला. शेवटी शेवटी साहेब आपलं नाव छापलेली कार्डं टाकू लागले, आणि प्रत्येक बाईचा हात दोन्ही हातांत घेत राहिले. घाम आला होता त्यांना, पण चेहरा उजळला होता. आयुष्यात असा सत्कार झाला नव्हता त्यांचा. टेसाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, हे तर आपल्याला सुचलंसुद्धा नव्हतं.

गावच्या पेपरात फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं: हृदयस्पर्शी निरोप, डॉ. हॉलंडर यांनी आपला ठेवा समाजाला परत केला. आता ॲरिझोनात ते ही गोष्ट सांगत असतील, नेतृत्वावरच्या प्रत्येक भाषणात, बनसकट. त्यांना शेवटपर्यंत काही म्हणजे काही कळलं नाही. काही माणसांवर राग धरणंसुद्धा वाया जातं, दगडावर पाणी ओतल्यासारखं. दगड ओला होतो आणि चमकतो.

कपाट गेलं त्यांच्याबरोबर. त्यात मऊ उजेडाखाली पितळेची पाटी होती, समाजाच्या प्रेमाची भेट, आणि फिलिसचा पत्र्याचा ट्रे. तो न्यायला ती गेलीच नाही. फेकायचा होता, म्हणाली, तो फेकला.

आर्डिस घरी आली ती भांडं शेजारच्या सीटवर ठेवून, वर सीटबेल्ट लावून. बन तिनं खाल्ला. वाया कशाला घालवायचा? भांडं उलटं करून ओट्यावर ठेवलं आणि ड्रॉवरमधून चिकटपट्टीचं रीळ काढलं. जुन्या चौकोनावर नवी पट्टी अगदी नेमकी बसवली. पेन उघडून बराच वेळ बसून राहिली. आपलं नाव लिहावं, असं वाटलं. लवॉनचं लिहावं, असंही वाटलं. मग तिनं लिहिलं: परत कर, आर्डिस. तिचं अक्षर डावीकडे झुकतं. लवॉन हसली असती. एवढीही नीट नक्कल करता येत नाही, म्हणाली असती, आणि कान तू फोडलास ते वेगळंच.

ऑगस्टमध्ये रस्त्याच्या टोकाला नवं बिऱ्हाड आलं. ग्वाटेमालाकडचं कुटुंब, नवरा मांसाच्या कारखान्यात कामाला लागलेला, बाई दिवसभर एकटी दोन पोरांना घेऊन. आर्डिसनं हॉटडिश केलं, भांडं टॉवेलात गुंडाळलं आणि चालत गेली. दार उघडलेल्या बाईचं नाव इर्मा होतं. इंग्रजी जेवढ्यास तेवढं. तिनं भांडं घेतलं, आणि गरम लागतं म्हणून उंच धरलं तेव्हा तिला खालची पट्टी दिसली.

"आर्डिस कोण?" तिनं विचारलं.

"मी."

"मग परत कुणी करायचं?"

"ते सोडा, ते आमच्या घरातलं भांडण आहे," आर्डिस म्हणाली. मग एक पायरी उतरलेली परत वर चढली. जन्मभर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते ओठावर आणायला तिला अजूनही जरा जड गेलं. "तुम्ही खा. झालं की भांडं मला आणून द्या. मला ते लागतं. आणि रिकामं आणू नका."

इर्मानं तिच्याकडे नीट बघितलं. रागावली नाही, लाजली नाही. सांगितल्यावर माणसाला कळतं, तसं तिला कळलं. "काय घालू?"

"काहीही," आर्डिस म्हणाली. "झुकिनी सोडून."